भेगाळलेले चाक

आरंभीच्या मोटारी नावेसारख्या दांड्याने वळत. १८९४ च्या पॅरिस-रूआँ शर्यतीत आल्फ्रेद व्हाशरोंने आपल्या पानहार मोटारीला गोल चाक बसवले. पुढे लाकडाची जागा पोलादी कड्यावर चढवलेल्या कठीण रबराने व प्लास्टिकने घेतली. भेगांचे मूळ तिथेच आहे. थंडीत प्लास्टिक पोलादापेक्षा अधिक आकसते, आतले कडे त्याला आकसू देत नाही, आणि ते आडवे तडकते.

कारागीर ती भेग आधी रुंद करतो. पाहणाऱ्याला हे क्रूर वाटते. परंतु आतला गंज खरवडल्यावाचून एपॉक्सी नीट धरत नाही.

खरी कसोटी पॉलिश पेपर हाती घेतल्यावर. जुन्या चालकाच्या अंगठ्याने झिजवलेला खळगाही त्याखाली सपाट होतो. म्हणून जाणकार कारागीर तेवढ्या जागेवर चिकटपट्टी लावतो, आणि मगच घासायला बसतो.