अजान दिली, पण कान तपासले नाहीत

आमच्यात बाळ जन्मलं की त्याला न्हाऊ घालून उजव्या कानात अजान देतात. माझ्या भाच्याच्या कानात ती मीच दिली. त्याचे अब्बा यंत्रमागावर रात्रपाळीला होते, घरातली मोठी माणसं दवाखान्यापर्यंत येऊ शकत नव्हती, म्हणून तो मान मामूकडे आला. बाळ माझ्या हातात अगदी शांत होतं. अम्मी कौतुकानं म्हणाली, “देख, कैसा सुनरा!”

ते बाळ ऐकत नव्हतं. हे आम्हाला कळायला तीन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष माझ्यामुळे वाया गेलं. म्हणून हे लिहितोय.

आम्ही इचलकरंजीचे. घराच्या दोन्ही बाजूंना माग. त्यांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो, इतका की वीज गेली आणि माग थांबले तर झोपमोड होते. बहीणही याच गावात, चार गल्ल्यांपलीकडे दिलेली. भाचा दीड वर्षाचा असताना ती एका दुपारी माहेरी आली आणि भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “भाई, हाक मारली तर हा बघतच नाही. अजून अम्मीसुद्धा म्हणत नाही. डॉक्टरला दाखवू का?”

मी प्राथमिक शाळेत शिक्षक. घरातला पहिला शिकलेला, त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा असतो. मी पेपरातून मान वर न करता सांगितलं, “मुलगे उशिराच बोलतात. अब्बासुद्धा चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते असं दादी सांगायची. थांबून बघू.” तिच्या चेहऱ्यावरची शंका गेली नाही, म्हणून मी एक परीक्षाही घेतली. भाचा फरशीवर खेळत होता. त्याच्या मागे जाऊन मी स्टीलचं ताट खाली टाकलं. तो वळला. सगळे हसले. बहीणही हसली. प्रश्न मिटला.

पुढे कान तपासणाऱ्या बाईंनी मला समजावलं की ताट फरशीवर पडलं की फरशी थरथरते, आणि मूल ती थरथर अंगानं ओळखतं. दार उघडलं की उजेड आत येतो, म्हणून ते वळतं. आईची सावली भिंतीवर हलली तरी वळतं. शिवाय काही मुलांना मोठा आवाज थोडा ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत. म्हणून टाळ्या, ताट, फटाके यांवरून कान चांगले आहेत असं कधी ठरवू नये. मी वीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतल्या होत्या. ही एक परीक्षा चुकीची घेतली आणि निकालही देऊन टाकला.

त्यानंतरच्या दीड वर्षात आमच्या घरानं आणि तिच्या सासरनं मिळून किती कारणं शोधली! कुणी म्हणालं नजर लागली. गळ्यात तावीज आला, पाण्यावर दम करून आणला. कुणी म्हणालं मोबाईलमुळे होतं. सासू म्हणाली, सून दिवसभर शिवणयंत्रावर बसते, मुलाशी बोलत नाही. सगळ्यांत शहाणं कारण माझं होतं. घरात दखनी, गल्लीत मराठी, पुढे मकतबात अरबी; पोर तीन भाषांत गोंधळलंय, असं मी सांगत होतो.

हे शेवटचं आपल्यासारख्या घरांत फार ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगतो. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मुकं होत नाही. ते कधी एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळेल, पण बोलेल. मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल, तर दोष भाषांचा नाही. घरातली दखनी बंद करून मोडक्यातोडक्या मराठीत मुलाशी बोलणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांनी आपल्या मायेची भाषा उगाच सोडली.

आमचं कोडं अंगणवाडीत सुटलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची एक योजना आहे. 6 फेब्रुवारी 2013 रोजी ती आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाली. तिच्यात डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येतं, आणि जन्मतःचे दोष, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतली दिरंगाई अशा चार गोष्टी पाहतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत ही तपासणी मोफत असते. भाच्याला अंगणवाडीत घातलं आणि महिनाभरात सेविकाताई बहिणीला म्हणाल्या, “हा दुसरी पोरं काय करतात ते बघून करतो. माझं ऐकून करत नाही.” पथक आल्यावर त्यांनी त्याचं नाव सगळ्यांत आधी पुढे केलं. जे मला पेपराआडून दिसलं नाही, ते या बाईंनी चाळीस मुलांच्या गोंधळात पाहिलं.

पथकानं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. नाव अवघड आहे, पण काम सोपं आहे: बालरोगतज्ज्ञ, कानाची तपासणी, वाचा उपचार, फिजिओथेरपी अशा गोष्टी शक्यतो एकाच छताखाली मिळाव्यात. भाच्याची ‘बेरा’ तपासणी ठरली. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून कानात आवाज सोडतात, आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्रावर दिसतं. मूल झोपलेलं असावं लागतं. म्हणून आदल्या रात्री बहिणीनं त्याला उशिरापर्यंत जागं ठेवलं, पहाटे उठवलं आणि एसटीत त्याला डुलकी लागू नये म्हणून वाटभर खिडकीतून ट्रक दाखवत राहिली.

दोन्ही कानांत बराच दोष निघाला.

मग तपासणाऱ्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, “पहिली शंका कधी आली?”

“दीड वर्षाचा होता तेव्हा,” बहीण म्हणाली.

“मग इतका उशीर का?”

बहीण फरशीकडे बघत म्हणाली, “घरी जमलं नाही.” तिनं माझं नाव घेतलं नाही. मी शेजारच्याच खुर्चीत फाईल धरून बसलो होतो.

परत येताना एसटीत मला सूरह अबसची सुरुवात आठवत होती. कुरैशांच्या सरदारांशी बोलणं चाललेलं असताना एक अंध माणूस काही विचारायला आला, त्याच्याकडे दुर्लक्ष झालं, आणि त्याबद्दल खुद्द पैगंबरांना (स.) समज दिली गेली. तेच अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम पुढे मदिनेत अजान देत. ही गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल. माझ्या दारात प्रश्न घेऊन आलेली बहीण त्या दुपारी मला ओळखता आली नाही. आणि माझ्यासमोर तर सरदारही नव्हते, नुसता पेपर होता.

वेळेचं महत्त्व किती, हे मला नंतर कळलं. ऐकण्याच्या बाबतीत तज्ज्ञांचा साधा हिशोब 1-3-6 असा आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. म्हणजे भाच्याचं काम त्याला बसता येण्याआधीच सुरू व्हायला हवं होतं. भाषा शिकण्यासाठी मेंदू पहिल्या काही वर्षांत जितका मोकळा असतो, तितका पुढे राहत नाही. नंतर शिकता येतं, पण फार कष्टानं. ते कष्ट आता तो आणि त्याची आई रोज करतात.

आता मी गल्लीतल्या आयांना काही खुणा सांगतो. त्या तुम्हीही लक्षात ठेवा. चार महिन्यांपर्यंत बाळानं मान धरावी. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसावं. वर्षाचं झाल्यावर नावानं हाक मारली की वळावं, हवं ते बोटानं किंवा हातानं दाखवावं. सोळा महिन्यांपर्यंत एखादा अर्थाचा शब्द यावा. दीड वर्षापर्यंत चालावं. दोन वर्षांपर्यंत “पानी दे” असे दोन शब्द स्वतःहून जोडावेत. वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरत असेल तर दाखवावं. आणि येत असलेलं बोलणं किंवा खेळणं कुठल्याही वयात गेलं, तर एक दिवसही थांबू नये. यातली बरीच चित्रं गरोदरपणात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर असतात. आपण ते कार्ड लसीच्या तारखेपुरतं उघडतो. यातलं एखादं चुकलं म्हणजे मुलात दोष आहेच असं नाही. तपासून घ्यायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

पण नुसती माहिती देऊन भागत नाही, हेही मी शिकलो. मागावर काम करणाऱ्याचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. एकट्या बाईला जिल्ह्याच्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे माहीत नसतं; बुरख्यात असली की विचारायलाही संकोचते. त्यामुळे चिठ्ठी मिळूनही माणसं जात नाहीत. म्हणून मी सुट्टीच्या दिवसांत सोबत जातो. आधार कार्ड, जन्मदाखला आणि जुने कागद एका फाईलमध्ये लावतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरून देतो. श्रवणयंत्र ठरावीक उत्पन्नापर्यंत केंद्राच्या एडिप योजनेतून मोफत मिळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘निरामय’ ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आता एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आहे. ऑटिझमही त्यात आहे. हे सगळं कागदावर आहे. दारापर्यंत न्यायला माणूस लागतो.

सासूबाईंनाही सोबत नेण्याचा फायदा होतो. डॉक्टरांनी भाच्याच्या आई-बापाचं लग्न नात्यातलं आहे का विचारलं, तेव्हा बहिणीची सासू गप्प झाली, कारण मुलगा तिचा आणि सून तिच्या बहिणीची. डॉक्टर म्हणाले, तेही एक कारण असू शकतं, पण यात गुन्हा कुणाचा नाही. त्या दिवसापासून शिवणयंत्राचं बोलणं बंद झालं. पुढे मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जायचं ठरलं, तर त्यांनी नाव ऐकून विचारलं, “कोणते पीर?” मी सांगितलं, पीर नाहीत, ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्यांच्या नावानं 1983 पासून ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तरी त्या निघताना डोक्यावर पदर घेऊन दुआ मागूनच निघाल्या. मीही आमीन म्हणालो.

दुआ आणि दवाखाना यांचं भांडण नाही, हे आमच्या मशिदीच्या पेश इमामांनी माझ्याआधी ओळखलं. त्यांच्याकडे लोक मुलं दम करायला आणतात. ते दम करतात आणि मग विचारतात, “कान तपासले का? डॉक्टर काय म्हणाले?” अंगणवाडीत पथक येणार असेल तर जुम्याच्या नमाजीनंतर तारीख सांगतात. माझ्या दहा लेखांनी होणार नाही ते त्या एका वाक्यानं होतं.

भाचा आता आठ वर्षांचा आहे. दोन्ही कानांत यंत्र आहे. बॅटरी उतरली की स्वतःच बदलतो. पहिल्या बाकावर बसतो. ‘स’ आणि ‘श’ अजून त्याच्या तोंडात नीट बसत नाहीत, आणि गल्लीतली पोरं कधी कधी चिडवतात. सहा महिन्यांचा असताना यंत्र लागलं असतं तर हे किती सोपं झालं असतं, हा हिशोब मी करतो. बहीण करत नाही, निदान माझ्यासमोर.

मागच्या महिन्यात शेजारी मुलगी झाली. अजान द्यायला मला बोलावलं. दिली. मग बाळाच्या दादीला विचारलं, “घरी सोडताना कान तपासले का?” त्या म्हणाल्या, “इतक्या लहान बाळाचे काय तपासायचे?” माझ्याआधी बहीणच बोलली. पदराला हात पुसत म्हणाली, “खाला, इतक्या लहानाचेच तपासायचे असतात. उद्या चला, मी येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी बाळाला घेऊन निघाल्या. मला शाळा होती. फाईल मात्र मी रात्रीच लावून दिली होती.