अब्बांची स्कूटर

ही 2008 सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही कोपरखैरण्याला राहत होतो. अब्बा वाशीच्या फळबाजारात हिशेब लिहीत. बाजार पहाटे भरतो. त्या वेळी बस क्वचितच मिळे, म्हणून अब्बा पायीच जात. अम्मीने शिवणकाम करून थोडे पैसे साठवले होते. त्यातून एक जुनी स्कूटर घ्यायची ठरली.

बाजारातल्याच एका ओळखीच्या माणसाने स्कूटर दाखवली. रंग चकचकीत, किंमत नऊ हजार. "संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे," असे तो म्हणाला. अब्बांनी लगेच पाचशे रुपये बयाणा दिला. रोज सोबत चहा पिणाऱ्या माणसाकडे पावती कशी मागायची? त्यांना संकोच वाटला.

रविवारी तो स्कूटर घेऊन आमच्या दारात आला. खालच्या मजल्यावरचे काका तुर्भ्याला गॅरेजात काम करत. ते मला म्हणाले, "बाळा, पातळ कागद आणि पेन्सिल आण." त्यांनी धूळ पुसली, कोरलेल्या चासी नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. नाण्याचा छाप आम्ही शाळेत असाच काढत असू. एकेक अंक कागदावर उमटला. मी तो मोठ्याने वाचला आणि काकांनी आर.सी. बुकातल्या नंबराशी जुळवला. इंजिनाचा नंबरही तसाच पाहिला. चोरीच्या गाडीवरचे अंक कधी कधी खरवडून बदललेले असतात, असे त्यांनी सांगितले. इथे मात्र दोन्ही नंबर जुळले. अब्बा हसले. मी तर मनातल्या मनात स्कूटरवर बसलोसुद्धा!

मग काकांनी पान उलटले. तिथे एका बँकेचे नाव होते. स्कूटर कर्जावर घेतलेली होती.

"कर्ज कधीच फिटले," तो माणूस म्हणाला.

"मग बँकेचे पत्र आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 आणा."

"त्याची काय गरज? नाव माझेच राहू द्या. मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो."

काका अब्बांकडे वळले. "शेखभाई, कर्ज थकले असेल तर बँक गाडी घेऊन जाईल. मग तुम्ही कोणाकडे दाद मागणार?"

मला काकांचा फार राग आला. अब्बा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "भाई, पत्र आणा. बाकीचे पैसे तयार आहेत."

तो स्कूटर घेऊन गेला. पत्र आले नाही, पाचशे रुपयेही परत आले नाहीत. अम्मी काही बोलली नाही. मात्र तिचे मशीन काही दिवस रात्री उशिरापर्यंत चालत राहिले.

सहा महिन्यांनी नेरूळच्या एका निवृत्त शिक्षकांची स्कूटर मिळाली. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करायला ते स्वतः अब्बांबरोबर आरटीओत आले. नाव बदलण्याची घाई अब्बांपेक्षा त्यांनाच जास्त होती! तेव्हा मला त्याचे नवल वाटले. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला, तेव्हा ती घाई समजली. एका माणसाने गाडी विकली, पण नोंदणीत नाव त्याचेच राहिले. गाडी अनेक हातांत फिरली आणि अपघात झाला. भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावरच आली.

आता मोबाइलवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची बरीच माहिती दिसते. तरीही जुनी गाडी पाहताना मी वाकून कोरलेला नंबर वाचतोच.

नवे आर.सी. घरी आले तेव्हा अम्मीने हात पुसून ते घेतले आणि अब्बांचे नाव दोनदा वाचले. मग पेटी उघडून ते रेशनकार्डाच्या खाली ठेवले.