दोन कड्या सोड!

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतला, मामंजींनी लावलेला फणस पडला. त्याचा निदान देव्हारा तरी व्हावा, ही सासूबाईंची इच्छा.

मुलाने हौसेने तीस इंची पट्टीची चेन-सॉ आणली. पण बुंध्यात शिरली की ती गुदमरायची! शेजारचे भाऊजी म्हणाले, “रुंद बुंध्यात एकाच वेळी फार दात लाकूड खातात. भुसा साचतो, मशीनची ताकद पुरत नाही.” त्यांनी आपली साखळी चढवली. तिच्यात दोन दातांमध्ये एका मोकळ्या कडीऐवजी दोन होत्या. करवत सरसर चालू लागली.

“मग नेहमी हीच का नाही वापरत?” मी विचारलं.

“फांद्यांना नको, वहिनी. बारीक लाकडात ती धक्के देते. तिथे आखूड पट्टी नि दाट दातच बरे. कापही गुळगुळीत येतो. शिवाय हिला धार लावायला दात कमी!”

देव्हारा झाला. हल्ली मुलाला मी एकामागून एक सूचना देऊ लागले की, सासूबाई त्याकडे बघत हसून म्हणतात, “सूनबाई, दोन कड्या सोड हो!”