बोईसरच्या रहदारीत माझी सायकल

माझं माहेर पालघरचं. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात धारातीर्थी पडलेल्या पाच हुतात्म्यांचं स्मारक असलेल्या पाचबत्ती चौकातून मी रोज सायकलने कॉलेजला जायची. लग्न होऊन बोईसरला आले आणि सायकल सुटली. "इथल्या ट्रकांत बाईमाणसाचं काम नव्हे," असं सासूबाई म्हणाल्या, नि मलाही ते पटलं.

न पटून सांगते कुणाला! देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली. आज महामार्गावरून चिल्हारमार्गे येणारे ट्रक, टँकर, कंपन्यांच्या बसेस, शेअर रिक्षा, सगळ्यांची गाठ बोईसरच्या नाक्यांवर पडते.

गेल्या वर्षी तीन किलोमीटरवरच्या शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. महिनाअखेर हिशेब मांडला, तर पगाराचा मोठा घास रिक्षाभाड्यातच! शिवाय रिक्षा भरेपर्यंत ताटकळणं, वर उशिराचे दोन शेरे. नोकरी सोडावी की काय, असं वाटू लागलं. शेवटी सायकल बाहेर काढली.

चौथ्याच दिवशी मागून टँकरने हॉर्न दिला. मी बिचकून आणखी कडेला गेले, चाक डांबरावरून घसरलं आणि वह्यांसकट मी खडीत. शाळेतल्या शिपाईमावशी वीस वर्षं सायकलने येतात. गुडघ्याला हळद लावता लावता म्हणाल्या, "बाई, तुम्ही गटाराला चिकटता, म्हणून गाड्या तुम्हाला चिकटतात!"

त्यांनी शिकवलं ते तुम्हालाही सांगते. कडेपासून तीनेक फूट आत, सरळ रेषेत चालवा, म्हणजे मागच्याला तुम्ही दिसता आणि खड्डा चुकवायला जागाही उरते. उभ्या गाड्यांच्या मधल्या फटींत आत-बाहेर करू नका. त्यांचं दार अचानक उघडतं, म्हणून दाराएवढं अंतर ठेवा. नाक्यावर ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नका. ड्रायव्हरला आपण दिसत नाही आणि वळताना मागची चाकं आत येतात. उजवीकडे वळायचं तर आधी मागे पाहा, मग हात दाखवा. गर्दी फारच असेल तर उतरून चालत ओलांडा, त्यात कमीपणा कसला? पावसात ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा वेग आधीच कमी करा. पदराला पिन, ओढणीला मागे गाठ, साखळीला कव्हर, मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. पाणी आणायला, बाजाराला त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना. तीन किलोमीटरचं स्वातंत्र्य म्हणजे काय, ते मला आता कळतं.

परवाच्या रविवारी लेकीला घेऊन लांबचा पल्ला मारला. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला तारापूरचा किल्ला पाहिला, मग चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत डबा खाल्ला. निघताना मन धाकधूक करत होतं, सासूबाई काय म्हणतील! त्या दारापर्यंत आल्या नि म्हणाल्या, "सावकाश जा. आणि येताना थोडी सुकट आण!"