धोटा

गॅलरीतून दाराकडे, दारातून गॅलरीकडे, दिवसभर एकच येरझार. यंत्रमागावर जन्म काढलेल्या माझ्या बाबांनी पिल्लाचं नाव धोटा ठेवलं. पॉमेरियन म्हणून आणलेला, पण आपल्याकडे सर्रास पॉमेरियन म्हणतात ते बहुधा स्पिट्झच असतात, तसाच तोही. धामणकर नाक्यावरचे हॉर्न आणि मागांचा खडखडाट यांत तो गाढ झोपायचा. वाटीत तूप पडल्याचं मात्र त्याला झोपेतही कळायचं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तो पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचं अंग वर करून थांबला. “बघा, नमस्कार घालतोय,” आजी म्हणाली. संध्याकाळपर्यंत उलट्यांवर उलट्या, पाणीसुद्धा टिकेना. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच तो कण्हला. रक्तातलं लायपेज आणि सोनोग्राफी पाहून निदान झालं: स्वादुपिंडाला सूज. आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचे ते पाचकरस ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. तो नमस्कार म्हणजे पोटातली कळ सोसण्याची धडपड होती.

सलाइन, उलटी थांबवणारं आणि वेदनेचं इंजेक्शन, यांवर तो उठला. पण हे दुखणं एकदा येऊन जाणारं नव्हतं. दिवाळीला कुणीतरी प्रेमाने शंकरपाळे टाकले, बकरी ईदला खालच्या मजल्यावरून चरबीचा तुकडा आला. कधी तर काहीच कारण सापडेना. दर वेळी ग्रंथीचा थोडा भाग कायमचा जातो, पुढे मधुमेहही जडू शकतो, असं डॉक्टर सांगत. त्यांनी आईला बजावलं होतं: उलटी पुन्हा पुन्हा झाली, पोट ताठ झालं, हिरड्या फिकट दिसल्या, शौचात रक्त आलं किंवा तो उठेनासा झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि माणसांच्या दुखण्याची गोळी तर मुळीच द्यायची नाही.

आजीचा इलाज एकच, लंघन. पूर्वी जनावरांचे डॉक्टरही तेच सांगत. आता उलटी आटोक्यात आली की लवकरच थोडं थोडं, बिनतुपाचं खायला घालतात, हे ऐकून ती फुरंगटली. मग स्वतःच मऊ भात आणि उकडलेला दुधी करू लागली. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे कातडी काढलेलं चिकन आई गॅलरीतल्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवायची. दोन्ही एकत्र कालवताना आजी तोंड फिरवून बसे; वाटी रिकामी झाली का, हे मात्र तीच विचारी.

धोटा चांगला म्हातारा होऊन, हृदयाच्या दुखण्याने गेला. इतकी वर्षं तो चिकनवर जगला असं आई म्हणते, डॉक्टरांच्या सुयांवर असं बाबा. आजीच्या मते त्यात वादच नाही: दुधीवर.