गाणाराला बसायला जागा

घरांत गाणें ऐकण्याची चांगली सोय करावयाची म्हणजे लाखाची बाब, असा समज अलीकडे सुशिक्षितांतही दृढ झाला आहे. मांडव्याच्या आसपास मुंबईकर श्रीमंतांचे जे बंगले उठले आहेत, त्यांतील ध्वनियंत्रांच्या किमती कानांवर आल्या म्हणजे तो समज अधिकच बळावतो. आमचा अनुभव निराळा आहे. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या कुटुंबांस तो उपयोगी पडावा, म्हणून येथें लिहितों.

आमचे थोरले बंधु दादा ह्यांची दृष्टि काचबिंदूनें गेली. वय ७९. वाचन सुटलें, पत्ते सुटले. राहिलें तें गाणें. घरांत माणसें तेरा. परंतु तरुण मंडळी आपापल्या कानांत बोंडें घालून बसणार, आणि मोबाइलच्या चिमुकल्या छिद्रांतून निघणारा आवाज दादांस चिमण्यांच्या चिवचिवाटासारखा लागणार. हळूहळू ते माजघरांत येईनासे झाले. तेव्हां १५,००० रुपयांच्या आंत काय साधतें तें पाहावें, असें आम्ही ठरविलें.

पैसा कोठें घालावा, हाच मुख्य विचार. आमच्या मतें निम्मी रक्कम स्पीकरांवर खर्चावी. इतर उपकरणें आतां स्वस्त झालीं आहेत. परंतु विजेचें रूपांतर हवेच्या कंपांत करण्याचें काम अद्यापि पडदा व चुंबक ह्यांसच करावें लागतें, आणि आवाज बिघडतो तो बहुधा तेथेंच. लॅमिंग्टन रोडवर एक वापरलेली जोडी आम्हांस ८,००० रुपयांस मिळाली. अशी जोडी घेतांना पडद्याभोंवतालची कड बोटानें हलकेच दाबून पाहावी. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेंत कालांतरानें तिचा भुगा होतो. रबराची पुष्कळ टिकते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली आहे, तिनें पेट्या सुखरूप आल्या.

ॲम्प्लिफायर ३,५०० चा. दुकानदार वॉटचे मोठमोठे आंकडे सांगतात. त्यांस भुलूं नये. शक्ति दुप्पट केली तरी आवाज अवघा ३ डेसिबेलांनीं वाढतो, आणि माजघरांतील नित्याच्या ऐकण्यास बहुधा एक-दोन वॉटही पुरतात.

खरी सुधारणा फुकट झाली. पेट्या कपाटावर चढविण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. आम्ही प्रत्येक पेटीखालीं जांभ्याचे चिरे रचले, मध्यें रबराचा तुकडा घातला. इतकी जड बैठक विकत घ्यावयाची तर पेटीइतकेच पैसे पडते. पेट्या भिंतीपासून हातभर पुढें ओढल्या, कारण भिंतीस चिकटल्या कीं खर्ज फुगतो. त्या दोहोंमध्यें जितकें अंतर, तितक्याच अंतरावर दादांची आरामखुर्ची ठेविली. मग मध्यें उभें राहून टाळी वाजविली. ती भिंतींमध्यें थरथरत राहिली, म्हणून एका भिंतीवर जुनी गोधडी टांगली. वहिनींनीं नाक मुरडलें. परंतु थरथर गेली.

परीक्षेस तंबोरा व तबला घ्यावा. रामन ह्यांनीं १९२० सालीं सहकाऱ्यासह दाखविलें कीं, शाईमुळें चामड्याचे उपस्वर सुरेल प्रमाणांत येतात. आणि १९२१ च्या निबंधांत, जवारीमुळें तंबोऱ्याच्या तारेंत एरवीं न उमटावयाचे उपस्वरही कसे उमटतात, ह्याचा विचार केला. हे उपस्वर ज्या यंत्रांतून हरवतात त्यांत तंबोरा नुसता घुमतो. उलट, अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या तबकड्यांत जें मुळांतच उतरलें नाहीं तें लाखाचें यंत्रही कोठून आणणार? शिवाय वार्धक्यांत श्रोत्रेंद्रियाचे वरचे स्वर प्रथम जातात. तेव्हां वीस हजार कंपांपर्यंतच्या फुशारकीसाठीं अधिक पैसे मोजण्याचें आम्हांस तरी कारण दिसलें नाहीं.

तारा पुतण्यानें जोडल्या. पहिलें गाणें लागलें, सर्वांनीं वाहवा केली. दादा मात्र स्वस्थ. थोड्या वेळानें म्हणाले, “आवाज आहे रे, पण गाणाराला बसायला जागा नाहीं. आणि डग्गा कोठें गेला?” तपासतां एका पेटीच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या. तसें झालें म्हणजे एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, खर्ज परस्परांस मारतो आणि स्वरास ठिकाण राहत नाहीं. बारा डोळस माणसांस तें उमगलें नव्हतें. तारा बदलल्यावर दादांनीं समोर बोट केलें. “आतां बसला.”

तारा व मोबाइलचा आवाज घेणारी लहानशी डबी धरून एकंदर खर्च १३,००० च्या आंत. खाऱ्या हवेनें जोडांवर गंज चढतो, म्हणून दर दोन महिन्यांनीं तीं टोंकें पुसावीं लागतात. पावसाळ्यांत यंत्र रोज तासभर चालूं ठेवलेलें बरें, म्हणजे त्याच्या उष्णतेनें आंत ओल धरत नाहीं. तें आपोआपच घडतें. दादा सायंकाळीं सहालाच खुर्चीवर येऊन बसतात, आणि मुलेंही कानांतलीं बोंडें काढून घोटाळूं लागलीं आहेत. साडेसात ते आठ हा वेळ त्यांच्या गाण्यांस द्यावा कीं काय, ह्याचा वाद चालू आहे. द्यावा, असें दादांचें मत. आमचें नाहीं.