अम्मीचं नाव कुठल्या रकान्यात?

मागच्या महिन्यात माझा एम.डेस.चा प्रबंध पूर्ण झाला, अल्हमदुलिल्लाह. विषय ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार. भिंगारमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे मोबाईल रिपेरिंग का?" मी हसून मान हलवतो.

खरं तर हा प्रबंध एका खिडकीपाशी सुरू झाला. अब्बूंच्या इंतिकालानंतर अम्मीचा पेन्शनचा अर्ज परत आला. कारण, नाव जुळत नाही. रेशनकार्डावर नावाला 'बी' जोडलेलं, आधारवर 'शेख' आधी, पासबुकात 'शेख' शेवटी आणि स्पेलिंगही निराळं. या तिन्ही नावांची बाई मी एकच आहे, असं तिला स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं. घरी येऊन ती म्हणाली, "मैं अनपढ, मेरेकूच नै समजता." आणि मीही तिच्यावरच चिडलो होतो. आधीच एकसारखं नाव का नाही लावलंस?

पुढे शिकायला गेल्यावर डोनाल्ड नॉर्मन यांचं, १९८८ मध्ये पहिल्यांदा आलेलं रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचं पुस्तक वाचलं. वस्तू वापरताना अडलं की माणूस स्वतःला दोष देतो, पण दोष बहुतेकदा रचनेचा असतो, असं ते सांगतात. वाचताना मला अम्मीचा चेहरा आठवला. विषय ठरला: अर्जातला नावाचा रकाना.

चाचणीसाठी मोहल्ल्यातल्या पाच बायका निवडल्या. रचनेतले दोष शोधायला एका फेरीत पाच माणसं पुरतात, असं जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं. आडनाव, नाव, मधलं नाव असे तीन रकाने कागदावर काढले आणि म्हणालो, मनात येईल ते मोठ्यानं बोलत भरा. पाचही जणी पहिल्याच रकान्यावर थांबल्या. "शेख तो नाम के पैले लगता, वो आडनाव कैसा?" एका खालांनी विचारलं. दुसऱ्या म्हणाल्या, मधे अब्बाचं लिहू की शौहरचं?

मग मी एकच रकाना ठेवला: 'पूर्ण नाव, तुम्ही सांगता तसं'. खाली दुसरा: 'इतर कागदांवर वेगळं असल्यास तेही लिहा'. या वेळी कुणी थांबलं नाही. नावाचे तुकडे खरंच हवेत का, हे आधी स्वतःला विचारा, असं वेबचे मानदंड ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्थाही सांगते.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. कित्येक तमिळ माणसांना आडनावच नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मराठी बाईला विचारा, तिच्याकडेही अशीच कागदांची पिशवी असते. रकाने आखणारा आपल्याच घरातली नावं डोळ्यांपुढे ठेवतो, आणि बाकीच्यांनी त्यात मावायचं असतं. न मावणारा 'चुकीचा' ठरतो.

प्रबंध बांधायला देण्याआधी अर्पणपत्रिका लिहायची होती. अम्मीला विचारलं, तुझं नाव कसं लिहू?

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "कौनसे कागज पे का?"

मी म्हणालो, "कागजपे का नै. नानी जिस नाम से बुलाती थी, वो."

तिनं सांगितलं. मी तेच लिहिलं, एका ओळीत, तुकडे न पाडता.